न पाहिलेल्या शर्यतींच्या आठवणी कशा काढाव्यात: भिवंडीकरांसाठी मार्गदर्शन

भिवंडीत मोटार शर्यतीचा ट्रॅक नाही. वंजारपट्टी नाक्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकता आली तर माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो. तरीही जुन्या मोटार शर्यतींच्या आठवणीने गळा दाटून येण्यासाठी महाराष्ट्रात याहून सोयीचे गाव नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. गेली वीस-बावीस वर्षे मी ही साधना करतो आहे आणि एवढ्या काळात एकही शर्यत प्रत्यक्ष पाहिलेली नाही. नवशिक्या साधकाला पहिला धडा हाच: शर्यत पाहू नये. पाहिली की आठवण बिघडते. 2011 ते 2013 अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन ग्रेटर नोएडाला आली तेव्हा मलाही मोह झाला होता, पण मी मन आवरले. तिन्ही वर्षे व्हेटेलच जिंकला, त्यामुळे नुकसानही फारसे झाले नाही.

मग काळ निवडावा. तो आपल्या जन्माआधीचा असावा. आपण जगलेला काळ या कामाला कुचकामी, कारण त्यात भलत्याच गोष्टी आठवतात. 2000 ते 2004 या पाच वर्षांत शूमाकर ओळीने विश्वविजेता झाला. त्यातल्या निम्म्या रविवारी आमच्याकडे लोडशेडिंग होते आणि उरलेल्या निम्म्या रविवारी तोच जिंकत होता. अशा काळाबद्दल कोणाला हुरहूर लागणार? त्यापेक्षा 1950 चे दशक घ्यावे. 13 मे 1950 ला सिल्व्हरस्टोनला जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली. पुढे अर्जेंटिनाच्या फँजिओने पाच विजेतेपदे मिळवली, एक 1951 ला आणि उरलेली चार 1954 ते 1957 अशी सलग. एवढे पाठ झाले की पुरे. 'फँजिओ' म्हणताना डोळे किंचित मिटावेत आणि पुढचे वाक्य बोलण्याआधी चहाचा एक घोट घ्यावा.

आता कोणी विचारेल, फँजिओचा आणि भिवंडीचा संबंध काय? साधकाने याच प्रश्नाची वाट पाहत बसलेले असावे. 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. त्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. त्याच 1954 साली फँजिओ हंगामाच्या मध्यावर मर्सिडीजमध्ये जाऊन बसला आणि विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी, 11 जून 1955 ला, ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक मर्सिडीज उडून गर्दीत पडली आणि ऐंशीहून जास्त प्रेक्षक मेले. तो हंगाम संपताच कंपनीने शर्यतीतून अंग काढून घेतले. पण टाटाच्या ट्रकवरची चांदणी 1969 पर्यंत टिकली. म्हणजे मर्सिडीज ट्रॅक सोडून गेली तरी पुढे बरीच वर्षे आपला मुंबई-आग्रा रोड तिला सोडत नव्हता. सुताची पोती घेऊन येणारा आणि कापडाच्या गाठी घेऊन जाणारा, क्लच दोनदा दाबून गिअर टाकणारा तो ड्रायव्हर फँजिओचा गुरुबंधू होता, असे साधकाने बेधडक म्हणावे. ड्रायव्हरला विचारू नये. तो डिझेलचा भाव सांगत बसेल.

गुरुबंधूनंतर क्लीनर. हा भाग नीट शिकावा, कारण याचे प्रात्यक्षिक रोज फुकट पाहता येते.

1 मे 1955. इटलीतल्या ब्रेशियाहून रोमपर्यंत आणि परत ब्रेशिया, जवळपास हजार मैल, साध्या सार्वजनिक रस्त्यांवरून. शर्यतीचे नाव मिल्ले मिलिया. स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजवर 722 हा आकडा होता, कारण ती सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी सुटली. शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार बसला होता. दोघांनी आधी रस्ता पालथा घातला होता आणि वळणावळणाची टिपणे जेन्किन्सनने सुमारे अठरा फूट लांब कागदाच्या गुंडाळीवर उतरवली होती. इंजिनापुढे बोललेले ऐकू येत नसे, म्हणून खुणा ठरवल्या होत्या. 10 तास 7 मिनिटे 48 सेकंदांत दोघे परत आले. ताशी सरासरी पडली 157 किलोमीटर.

आता पूर्णा किंवा मानकोलीच्या गोदामांच्या गल्लीत जाऊन उभे राहा. चौदा चाकांचा ट्रक मागे घेत आत घालायचा आहे आणि ड्रायव्हरला मागचे काही दिसत नाही. मागे एक पोरगा, पायात स्लिपर, हातात गुंडाळी वगैरे काही नाही. तो पत्र्यावर तळहाताने थापा मारतो. "आने दे, आने दे, काट, काट, आने दे..." आणि मग एकदम दोन थापा, धप् धप्. ट्रक थांबतो. मी एकदा पुढे होऊन मोजले, गोदामाचा खांब आणि ट्रकचा कोपरा यांच्यात चार बोटे उरली होती. जेन्किन्सनने त्या प्रवासाचा वृत्तांत लिहिला आणि तो आजही वाचला जातो. या पोराचे नाव मी विचारले तर ड्रायव्हरलाच आठवेना. तो त्याला छोटू म्हणतो.

पिट स्टॉपच्या अभ्यासासाठी टायरच्या टपरीवर बसावे. मी रविवारी एका अण्णांकडे बसतो. ट्रकचा मागचा आतला टायर पंक्चर असेल तर आधी बाहेरचा उतरवावा लागतो. नट गंजून बसलेले असतात. मग पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालतात, पाइपाच्या टोकावर दोन पोरे उभी राहतात आणि एकमेकांच्या खांद्याला धरून उड्या मारतात. चौथ्या-पाचव्या उडीला नट 'कट्ट' करून सुटतो. हा आवाज ऐकून ज्याला 1957 चे नुर्बुर्गरिंग आठवत नाही, त्याने हा लेख इथेच मिटावा. त्या शर्यतीत फँजिओ पिटमध्ये रखडला. एक नट गाडीखाली घरंगळला, अशी कथा सांगतात. बाहेर पडला तेव्हा दोन फेरारी सुमारे पन्नास सेकंद पुढे होत्या. एक फेरी बावीस किलोमीटरहून लांब, आणि माणूस शेहेचाळीस वर्षांचा. त्याने फेरीगणिक विक्रम मोडत दोघांना गाठले आणि शर्यत मारली. आजच्या काळाला नाक मुरडायचे असेल तर शेजारी हा आकडा ठेवावा: 2023 साली कतारमध्ये मॅकलॅरनने चारही चाके 1.80 सेकंदांत बदलली. मी तो अण्णांना मोठ्या तोऱ्यात सांगितला.

"पंक्चर होता काय?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग काढला कशाला?"

साधकाचे वय साठीच्या पुढे असेल तर त्याला एक स्थानिक आठवण बाळगायची सूट आहे. 1980 साली पहिली हिमालयन रॅली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरून निघाली होती. नझीर हुसेन यांनी ती उभी केली. आपण ती पाहिली का, या प्रश्नावर एवढेच म्हणावे, "नाक्यावर उभे होतो. धुरळाच धुरळा." धुरळा नाक्यावर तेव्हाही रोजचाच होता, त्यामुळे हे विधान खोटे पाडता येत नाही. (मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यतींबद्दल मात्र बोलू नये. तिथे खरोखर जाऊन आलेली माणसे अजून आहेत आणि ती प्रश्न विचारतात.)

जुनी शर्यत परत आणा, अशी मागणी कधीही करू नये. याचा धडा आपल्याच तालुक्यात मिळाला आहे. बैलांच्या शर्यती 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाल्या, तेव्हा आमच्या आगरी गावांतली जाणती मंडळी पारावर बसून छकड्यांच्या आठवणी काढत. काय ते बैल, काय ती गर्दी! डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले, शर्यती सुरू झाल्या. परवा त्याच पारावर विचारले. उत्तर मिळाले, "आता ती मजा राहिली नाही."

मृत्यूंची यादी काढू नये, हा नियम सगळ्यांत कडक. त्या सुवर्णकाळात कठड्यांच्या जागी गवताचे गठ्ठे रचलेले असत, आणि फोटोत ते फार सुंदर दिसतात. 1970 साली योखेन रिंट मॉन्झाला सरावात गेला. त्याचे गुण कोणालाच गाठता आले नाहीत आणि विश्वविजेतेपद मरणोत्तर त्यालाच मिळाले. त्याचा दोस्त जॅकी स्टुअर्ट तेव्हा पट्टे, कठडे आणि डॉक्टर मागत फिरत होता. लोकांनी त्याला भित्रा ठरवले. 1 मे 1994 ला इमोलाला आयर्टन सेना गेला. (आपल्या जिल्ह्यात 'आयर्टन' आधी म्हणावे. नुसते 'सेना गेली का?' असे विचारल्यास चर्चा भलतीकडे वळते.) मॉसचा विजय आणि सेनाचा मृत्यू, दोन्ही 1 मेचे. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत साधकाने 1955 पाळावे, 1994 पाळू नये.

शेवटचा विषय आवाजाचा. 2005 पर्यंत फॉर्म्युला वनची दहा सिलिंडरची इंजिने मिनिटाला एकोणीस हजार फेरे घेत किंचाळत. 2014 ला सहा सिलिंडरची टर्बो हायब्रिड इंजिने आली, आवाज खाली बसला आणि जगभर सुतक पाळले गेले. हे दुःख भिवंडीला समजावून द्यावे लागत नाही. आमच्या गल्लीत पहाटे माग सुरू झाले की ताटलीतला चमचा थरथरायचा. आता धोट्याचे साधे माग भंगारात निघत आहेत आणि ऐपत असलेला मालक बिनधोट्याचे रॅपिअर आणतो. मला वाटले, आवाज हरवलेल्या माणसाची मुलाखत घ्यावी. फँजिओपर्यंत पोचणे आता शक्य नाही, म्हणून चाळीस वर्षे माग चालवलेल्या एका चाचांकडे गेलो.

"चाचा, जुन्या मागांचा आवाज आठवतो का?"

ते हसले. मी पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी आतून चाची आल्या आणि माझा प्रश्न त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या.

"आवाज?" चाचा म्हणाले. "वो तो गया ही नहीं. रात को भी आता है."

मग त्यांनी टोपी मागे सारून डाव्या भुवईवरची खूण दाखवली. चालत्या मागातून धोटा सुटला होता. धोटा लाकडाचा, पण दोन्ही टोकांना लोखंड असते. अर्धा इंच खाली लागता तर डोळा गेला असता. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले, कारण पगार मीटरवर होता. चाची चहा घेऊन आल्या. मी काही बोलायला गेलो तर ते कानाला हात लावून नुसते मान हलवत राहिले.

साधकाने अशा ठिकाणी जाऊ नये. साधनेत खंड पडतो. मला आठवडाभर एकही जुनी फिल्म लावावीशी वाटली नाही.

त्यानंतर मात्र मी वेगाची हौस एकदा प्रत्यक्षच भागवायची ठरवली. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरहून निघालेला 701 किलोमीटरचा रस्ता आपल्या भिवंडी तालुक्यात येऊन संपला. वेगमर्यादा ताशी 120, म्हणजे मॉसच्या 1955 च्या सरासरीला आज तिथे चलान बसेल. एका रविवारी पहाटे चष्मा पुसून, मफलर बांधून मी स्कूटर काढली आणि आमण्यापर्यंत गेलो. वाचकांचे पेट्रोल वाचावे म्हणून सांगून ठेवतो: समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.