वाघाने केलेलं निदान

भद्रावतीत गाडी बिघडली की निदान आधी होतं आणि बॉनेट नंतर उघडतं. गावात आयुध निर्माणीतले फिटर आहेत, वेकोलीच्या कोळसा खाणीतले इलेक्ट्रिशियन आहेत, आणि या दोघांचं ऐकून तयार झालेले पानठेल्यावरचे सल्लागार आहेत. त्यामुळे एका निवृत्त गुरुजींची २००५ सालची छोटी पेट्रोल गाडी एप्रिलात जागोजागी बंद पडू लागली, तेव्हा तज्ज्ञांची टंचाई अशी नव्हतीच. फिटर म्हणाला, पंप. इलेक्ट्रिशियन म्हणाला, अर्थिंग. पानठेला म्हणाला, विकून टाका, गिऱ्हाईक आपल्याकडे आहे.

गुरुजींनी पंप बदलला. प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोल फिल्टर बदलला. आता बदलण्यासारखं फक्त स्टिअरिंगमागे बसणारं माणूस उरलं होतं, पण ते बोलून दाखवायचं धाडस गुरुजींच्या पत्नी, म्हणजे बाई, यांच्याखेरीज कुणात नव्हतं. गाडी सकाळी भद्रनागाच्या देवळापर्यंत निमूट जायची आणि दुपारी वरोऱ्याहून परतताना हायवेवर मान टाकायची.

खरं निदान झालं ते वाघामुळे. एका लग्नाहून परतताना, ताडोबाच्या बफरमध्ये, मुधोलीच्या रस्त्यावर गाडी बसली. दिवस मावळत होता. दोन्ही बाजूंना जंगल. गुरुजींनी दाराच्या हँडलला हात घातला तोच शेजारून बाईंचा हुकूम सुटला, "अहो, खाली उतरायचं नाही." गुरुजींनी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, बॉनेट खोलून कॉइलची वायर जराशी हालवून पाहा ना जी." गुरुजी म्हणाले, "अन् वाघ आला तर त्याले काय सांगू, मिस्त्रीच्या सांगण्यावरून उतरलो म्हणून?" मग दोघं काचा बोटभर उघड्या ठेवून, लग्नातल्या जेवणाची उजळणी करत बसून राहिले. वाघ आला नाही. अंधार पडला, हवा उतरली, आणि गुरुजींनी सहज किल्ली फिरवली तर मागून पंपाची घुर्र ऐकू आली आणि गाडी सुरू झाली.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी हा वृत्तांत दोनदा ऐकला. "म्हणजे गरम झाली की बसते, थंडी झाली की उठते. अन् बसते तवा पंपाचा आवाजच येत नाही. पंप तर नवीन हाय. मंग पंपाले हुकूम देनाराच झोपून रायला असन!" त्याने टेस्ट लॅम्प लावून पंपाला हुकूम देणाऱ्या डब्यापर्यंत करंट पोचतो का, अर्थिंग पक्कं आहे का, हे आधी पाहिलं. ही पायरी गाळून थेट डब्यावर खापर फोडणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, म्हणून या माणसाचं कौतुक. मग दुपारी गाडी बंद पडल्यावर त्याने डॅशबोर्डखालून तो चपटा अॅल्युमिनियमचा डबा सोडवला, घरातल्या कूलरसमोर धरला आणि परत बसवला. गाडी सुरू. जमलेल्या मंडळींनी "आम्ही म्हणतच होतो" असं म्हटलं.

हा डबा म्हणजे इंजिनाचा संगणक. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला २५ वेळा पेट्रोल लागतं, तेही दर वेळी काही हजारांश सेकंदांपुरतं. किती द्यायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे तो हवा, तापमान, धूर यांचे सेन्सर वाचून ठरवतो. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच संगणकाच्या ताब्यात देणारी बॉशची यंत्रणा १९७९मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२आय गाडीत आली. आपल्याकडे डिसेंबर १९८३मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली ती कार्बोरेटर घेऊन. तो एक स्क्रू पिळून आणि कान लावून कुठल्याही गावात जुळायचा. मग दिल्लीचा धूर कोर्टात गेला. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातल्या नव्या गाड्यांना युरोपीय धर्तीचे नियम लावले, आणि १ एप्रिल २००५पासून त्याच धर्तीचं भारत स्टेज-दोन देशभर आलं. हे नियम कार्बोरेटरच्या स्क्रूने पाळणं अवघड, म्हणून हा डबा आला. ज्या जिल्ह्यात २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र रात्रंदिवस धुराडी चालवतं, तिथल्या एका मास्तरच्या गाडीने नळीतून किती धूर सोडावा याचा हिशेब ठेवायला स्वतंत्र संगणक! नियम चुकीचा नव्हे. पण गंमत आहे.

आता हा डबा का झोपला? मिस्त्रीने डबा उघडला तेव्हा आत एका कंडेन्सरच्या बुडाशी चिकट, तपकिरी डाग होता. विदर्भात कंडेन्सर समजावून सांगावा लागत नाही; दर उन्हाळ्यात कूलरची मोटर नुसती गुणगुणते आणि पंखा फिरत नाही, तेव्हा तोच गेलेला असतो. संगणकातला जातीने वेगळा, बोराएवढा, आत ओलसर रसायन असलेला. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात चंद्रपूरकडे सावलीतच ४६-४७ अंश. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त. एवढी वर्षं तो टिकला, हेच खूप.

नवा डबा मिळेल का, हे विचारायला गुरुजी शोरूममध्ये गेले. मॉडेल बंद झालंय, मागवून पाहू, असं उत्तर आलं, आणि अंदाजे किंमत ऐकली तर पानठेल्यावरच्या गिऱ्हाइकाने पुरी गाडीच तेवढ्यात मागितली होती. मग सव्वाशे किलोमीटरवरच्या नागपुरातून, भंगारात निघालेल्या तशाच गाडीचा जुना डबा आणला. नंबर अक्षरन् अक्षर जुळवून घेतला होता. गाडी सुरू झाली आणि दुसऱ्या श्वासाला बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. "चोर समजून रायली तुम्हाले," मिस्त्री म्हणाला. ते अगदी खरं होतं. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते, ती ओळखली नाही तर संगणक पेट्रोल तोडतो. डबा परका, किल्ली घरची. ओळख पटणार कशी?

शेवटी त्या भंगारातल्या गाडीची किल्ली आणि ती ओळखणारं यंत्रही नागपूरहून मागवावं लागलं. मिस्त्रीने त्या किल्लीतली चिप काढून स्टिअरिंगच्या कव्हराखाली, किल्लीच्या कड्याजवळ चिकटवून टाकली. कुणा अनोळखी माणसाच्या ओळखीवर गुरुजींची गाडी सध्या बिनतक्रार धावते. अर्थात, आता कुलपात फिरणारी कुठलीही किल्ली ती आपली मानते, तेव्हा चोराचीही सोय झाली. पण गुरुजींचा युक्तिवाद असा की, ही गाडी चोरणारा भद्रावतीत जन्मायचा आहे. जुन्या डब्यातला कंडेन्सर नागपुरातल्या एका कारागिराने बदलून दिला. वस्तू चहा-समोशाच्या किमतीची, मजुरी मात्र कौशल्याची. तो डबा आता कपाटात, बाईंच्या साड्यांखाली, थंडाव्यात आहे.

ज्यांच्याकडे अशी वयस्क गाडी असेल त्यांनी एवढं करावं: डब्यावरचा नंबर आजच वहीत उतरवून ठेवावा, दुसरी किल्ली हरवली असेल तर शोधावी, आणि सायलेन्सरला वेल्डिंग करायला कुणी आला तर त्याला आधी बॅटरीची वायर काढायला लावावी. तो "काही होत नाही जी" म्हणेल. तरी काढायला लावावी.