काटा चारवर

माझी ब्लडप्रेशरची गोळी सकाळी आठला असते आणि दाजींचा फोन साडेसातला येतो. या दोन गोष्टींचा संबंध डॉक्टरांनी अजून लावलेला नाही.

"पाव्हणं, उद्यमनगरात या. पंप ठरवायचाय."

पंप म्हणजे ऑईल पंप. दाजींचा ट्रक जुना टाटा, इंजिन ६९७. हा आकडा कंपनीनं लॉटरीतून काढला असावा असं मला वाटायचं. मिस्त्रींनी फोड करून दिली: सिलिंडर सहा, बोअर ९७ मिलिमीटर. स्ट्रोक १२८. मी मराठीचा मास्तर, तरी फळ्यावर गुणाकार केला, ५६७५ सीसी. आठवी 'ब'नं तपासून दिला म्हणून बरोबर आला. दाजी मात्र या ट्रकला अजून 'मर्सिडीज' म्हणतात. टेल्कोचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ साली झाला आणि १९६९ साली संपलाही. पण दाजींच्या वडिलांचा पहिला ट्रक त्या काळातला, आणि घरात एकदा शिरलेली मर्सिडीज अशी करार संपला म्हणून बाहेर पडत नाही.

गेल्या हंगामात उसानं भरलेला हा ट्रक चढावर बसला. बेरिंगनं क्रँक धरला. मग लायनर-पिस्टन नवे, क्रँक पाव मिलिमीटर घासून, बेरिंगं त्या मापाची. सगळं जमलं आणि पंपावर घोडं अडलं.

जुना पंपच धुऊन बसवावा, हे ताईचं मत. ती प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा धुऊन बसवते. मिस्त्रींनी जुन्या पंपाचं झाकण माझ्या हातात दिलं. दोन गिअर जिथं फिरतात तिथं दोन गोल चरे पडले होते, नखाला लागतील असे. "बेरिंगचा सगळा चुरा ह्याच्याच पोटातनं गेलाय सर. चाळणीनं मोठा तुकडा धरला, बारीक ह्यानं खाल्लं." विषय संपला.

मग दाजींनी पिशवीतून स्वतः आणलेला पंप काढला. निम्म्या किमतीचा, डबा मात्र अस्सलपेक्षा चकचकीत. मिस्त्रींनी झाकण उघडलं, गिअरवर सपाट पट्टी ठेवली आणि फिलर गेजचं एक पान पट्टीखाली सरकवलं. गेलं. त्याहून जाड पान घेतलं. तेही गेलं. तिसरं पान तर लग्नाच्या मांडवात आगंतुक शिरावा तसं कुणाला न विचारता आत गेलं. "ह्यातनं तेल पुढं कमी आणि मागंच जास्त यायचं," म्हणत मिस्त्रींनी पंप पिशवीत परत ठेवला.

दाजी खचले नाहीत. कोल्हापूरच्या माणसाला अडचणीवर एकच उपाय माहीत असतो: मोठं घ्या. "मग मोठाच टाकूया की. ह्याच्या दुप्पट तेल मारणारा. दाब वाढाय पायजे."

मिस्त्री काही बोलले नाहीत. गिअरबॉक्स धुवायची पाण्याची पाइप उचलून त्यांनी दाजींच्या हातात दिली.

"तोंडावर बोट लावा."

पाणी उडालं. बरंचसं माझ्यावर.

"दाब कुणी केला? मोटारीनं का बोटानं?"

"बोटानं," दाजी म्हणाले.

"पंपाचं काम तेल ढकलायचं. दाब होतो तो अडवल्यावर. तुमच्या जुन्या बेरिंगची फट वाढली, म्हंजे बोट निघालं. आता बेरिंग नवं, बोट घट्ट हाय. मोठा पंप कशाला?"

"जादा असलं तर वाईट काय?"

"जादा झालं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल परत चेंबरात. म्हंजे शिरोली नाक्यावर गाडी भरायची, गावाला चक्कर मारायची आणि परत शिरोली नाक्यावरच खाली करायची. डिझेल कुणाचं?"

डिझेलचा हिशेब निघाल्यावर दाजींना हायड्रॉलिक्स ताबडतोब कळलं. साधा, मापातला, कंपनीच्या काउंटरवरचा पंप आला.

चालू करायच्या दिवशी मिस्त्रींनी पंपात आधी हातानं तेल भरून गिअर फिरवले होते, कोरडा पंप तेल ओढायला वेळ लावतो म्हणून. आता स्टॉपची वायर ओढून धरायची, म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसतं स्टार्टरवर फिरेल. मीटरचा काटा उठला की मग वायर सोडायची. मला केबिनमध्ये बसवून काट्यावर नजर ठेवायला सांगितलं.

"उठला की वरडा, सर."

"मिस्त्री," मी म्हणालो, "उठलेलाच आहे. चारवर."

"अजून स्टार्टर कुठं मारलाय?"

सगळे गप्प. मग दाजी अभिमानानं म्हणाले, "लई भारी मीटर हाय तो. दोन वर्षांत कवा चारच्या खाली आला न्हाई."

साखर कारखान्याच्या काट्यावर या माणसाचा जन्मात विश्वास बसला नाही. प्रत्येक खेपेला भांडून येतात. आणि हा काटा गाडी उभी, इंजिन थंड, चावी खिशात असतानाही चार किलो दाखवत होता, तर त्याला यांनी दोन वर्षं उदबत्ती ओवाळली. क्रँक का गेला, हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

मिस्त्रींनी मीटरमागची बारीक नळी सोडली आणि स्टार्टर मारला. दहा-बारा सेकंद नुसती घरघर, मग नळीतून काळंसोनेरी तेल उसळलं. पंप उत्तम होता. माझा शर्ट पांढरा होता.

"मीटर नवा घ्यायचा," मिस्त्री म्हणाले.

"मोठ्या तबकडीचा घ्या," दाजी म्हणाले.

घरी येऊन मी दंडाला पट्टा बांधून मशीन लावलं. १२० आणि ८०. कालही १२० आणि ८०. मी सेल काढले, उलटसुलट पाहिले, पुन्हा घातले आणि दंड पुढं केला. एवढ्यात दाजींचा फोन आला.