एक पऱ्हाटी मागे ओढा

आमच्या गावाचं नाव समुद्रपूर. नागपूर-हैदराबाद महामार्गावर जाम चौरस्त्याला उतरून विचारा, समुद्र कुठे आहे. संत्रीवाला तुमच्या हातात पिशवी देऊन सांगेल, पाटी पुढे लागते. पाटी लागतेही. समुद्र लागत नाही. जन्मापासून अशा गावात राहिल्यामुळे नावात असतं ते वस्तूत नसलं तरी आम्ही तक्रार करत नाही. पुढे बिलाची गोष्ट येणार आहे, तेव्हा हे लक्षात असू द्यावं.

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडातल्या लीड्स शहरातल्या एका घराचा गॅस समुद्रपुरातून जळाला. मध्ये पाइपलाइन नव्हती. घर माझ्या पोराचं होतं आणि बोट त्याच्या आईचं.

आगळीक आधी त्याची, हेही नोंदवून ठेवतो. मी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं मुनिमी केली आहे, जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. मे महिन्यात पोरगा आला. वर्धा जिल्ह्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर होता आणि आमचा पत्र्याचा कूलर खिडकीला लागला होता. आमचा कूलर म्हणजे पाऊण खोलीचा लोखंडी पेटारा. तीन बाजूंना नव्या ताट्या, पोटात टुल्लू पंप, आवाज मळणीयंत्राचा. मृग लागून हवा दमट होईपर्यंत त्याच्यासारखा सोबती नाही, दमट झाली की त्याच्यासारखा निरुपयोगी पाहुणा नाही. पोरानं मागचं वीजबिल पाहिलं. वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यांवर सोळा टक्के वीज शुल्क. तो म्हणाला, "बाबा, शंभर युनिट ओलांडले की दर वाढतो, तीनशे ओलांडले की आणखी वाढतो. यावर कंट्रोल पाहिजे." आणि त्यानं कूलरला एक स्मार्ट प्लग लावून दिला. म्हणजे असं बटण, जे घराबाहेरच्या माणसाला दाबता येतं आणि घरातल्याला सापडत नाही.

तो परत गेला. तिकडे रात्री साडेदहाला झोपायच्या आधी तो शिस्तीनं सगळे दिवे बंद करतो. त्यात आमचा कूलरही बंद करू लागला. त्याचे साडेदहा म्हणजे उन्हाळ्यात आमचे पहाटेचे तीन. तीन वाजता पेटारा गप्प व्हायचा आणि घामानं जाग यायची. सकाळी फोनवर तो विचारायचा, "बचत होतेय ना?" मी वहीत हिशेब मांडला. दोनशे वॅटचा कूलर, तीन ते सहा, तीन तास. पाऊण युनिटही नाही. एवढ्यासाठी मायबापाला पहाटे अंगणात खाट टाकायला लावणारा श्रावणबाळ पुराणात नाही. नंतर एकदा वीज गेली आणि आली तेव्हा प्लग स्वतःची ओळख विसरून गेला. मी त्याला आठवण करून दिली नाही.

एसीचं सुचवून झालं होतं. 2020 पासून खोलीचा नवा एसी सुरू होताना 24 अंशांवरच सुरू व्हावा, असा नियम आपल्या सरकारनं केला आहे. नियम उत्तम आहे. आमच्या ओळखीत ज्यांच्याकडे एसी आहे, ते चालू केल्याबरोबर त्याला 18 वर नेतात आणि वरून दुलई घेतात. देशाची ऊर्जा-बचत पहिला एक सेकंद तरी होते.

जाताना पोरानं आपला जुना फोन आईला दिला. त्यात त्याच्या घराच्या थर्मोस्टॅटचं ॲप तसंच राहून गेलं. दिवाळीपर्यंत त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मग एके दिवशी फोनवर इंग्रजीत एक सूचना आली.

"काय म्हणून राह्यला जी फोन?" हिनं विचारलं.

"तू घरापासून दूर आहेस म्हणतो."

"हे त्यानं सांगाची गरज नाई," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. पोराच्या घरचा माणूस म्हणून त्या यंत्रात आपली नोंद आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. सुनेच्या रेशनकार्डात नाव लागलं असतं तरी इतका आनंद झाला नसता.

डिसेंबरातली गोष्ट. पहाटे पाचला उठून ही मागच्या अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवते. सिलिंडर स्वयंपाकाला, पाण्याला पऱ्हाटी, हा आमच्याकडचा कायदा आहे. वेचणी संपली की कपाशीची झाडं उपटायची आणि घरामागे रचायची. कृषी खातं दरवर्षी सांगतं, पऱ्हाट्यांचे ढीग ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात मुक्काम करते. खातं बरोबर आहे. पण अंघोळीचं पाणी काही खातं तापवून देत नाही. तर चूल पेटली होती, बाहेर दहा-अकरा अंशांची थंडी होती, आणि हिनं चुलीशेजारी बसून फोन उघडला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 16.

खरं म्हणजे ते पोरानं मुद्दाम केलं होतं. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आमचे पहाटेचे पाच म्हणजे त्यांचे रात्रीचे साडेअकरा. सगळे रजया घेऊन झोपलेले. अशा वेळी घर सोळावर ठेवायचं, सकाळी उठायच्या आधी एकोणिसावर आणायचं, असं वेळापत्रक त्यानं यंत्राला शिकवलं होतं. एक अंश खाली राहिलं की बिल दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, असं तिकडची सल्लागार मंडळी सांगतात. पण आईला वेळापत्रक दिसत नाही, आकडा दिसतो. "माय माय, सोळा! लेकरू कुडकुडून राह्यलं असन," म्हणाली आणि बोटानं आकडा वर ढकलला. सतरा, अठरा... अठ्ठाविसावर थांबली. अठ्ठावीस हा समुद्रपुरात पावसाळी गारवा असतो.

लीड्समध्ये रात्रभर बॉयलर धडधडत राहिला. पोरगा बनियनवर आला, नातवानं पांघरूण लाथाडलं, सुनेनं खिडक्या उघडल्या. बाहेर शून्याच्या जवळपास, आत नागपूरचा मार्च. सकाळी सात वाजता यंत्रानं आपलं वेळापत्रक आठवून घर परत एकोणिसावर आणलं. दुसऱ्या पहाटे आमची चूल पुन्हा पेटली.

हे अकरा दिवस चाललं. पोरानं दोनदा मेकॅनिक बोलावला. पहिल्यानं तपासून सांगितलं, बॉयलर ठणठणीत आहे. दुसऱ्यानं रेडिएटरवरच्या चाव्या बदलायला सांगितल्या. त्या चाव्यांवर एक ते पाच आकडे असतात. ते अंश नसतात, पण अंशांच्या रुबाबात बसलेले असतात. जिथं भिंतीवर थर्मोस्टॅट आहे त्या खोलीतल्या रेडिएटरला अशी चावी ठेवायची नाही, नाहीतर दोघं एकमेकांच्या आज्ञा मोडतात. हे ऐकून मला आमच्या घराची रचना एकदम स्पष्ट झाली. शेवटी सुनेनं ॲपमधली नोंदवही वाचली आणि रोज साडेअकराला कोण बोट लावतं ते सापडलं.

पोरानं आईला फोन केला. रागावला नाही, समजावलं. ते जास्त वाईट असतं. "आई, काटा अठ्ठाविसावर नेल्यानं घर लवकर तापत नाही गं. बॉयलर आपल्याच वेगानं तापवतो. तो आकडा फक्त थांबायचं कुठं ते सांगतो. तुझ्या शेगडीचं बटण नाही ते, ज्योत मोठी-लहान करायला."

"मंग जोत कुठून मोठी करतेत?"

तीही सोय असते, पण बॉयलरवर. पोरानं रेडिएटरकडे जाणारं पाणी पंचाहत्तरवरून साठ अंशांवर आणून ठेवलं होतं. त्यांच्या नव्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये परत येणारं पाणी पुरेसं गार असलं, की धुराड्यातून निसटणारी वाफ आतच निवते, तिचं पाणी होतं आणि तिच्यातली ऊब वसूल होते. जिनिंगमध्ये आम्ही झाडलोटीतली रुई वेचून पुन्हा गाठीत घालायचो, तोच प्रकार. मला पटलं. हिला वेगळंच पटलं. "म्हंजे पाणी कोमटच हाये त्याच्याकडं. अन् मले सांगते सगळं बरं हाये."

मग बिल आलं. पोरानं मला त्याची प्रत पाठवली, कारण घरात बिल वाचणारा मी एकटा. मीटर घनमीटर मोजतं आणि बिल युनिटात येतं. मधे गुणाकार-भागाकारांची एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही. घनमीटरमागे साधारण अकरा युनिट धरा, काम भागतं. त्याखाली एक रक्कम होती, जी गॅस एक थेंब जळला नाही तरी रोज लागते. मी ती पाहिली आणि परदेशात गाववाला भेटावा तसा गहिवरलो. हा तर आपला स्थिर आकार! साता समुद्रापलीकडं जाऊन त्यानं नुसतं नाव बदललं होतं.

पोरगा म्हणाला, "बाबा, इकडे सरकारी नियामकानं बिलावर मर्यादा घातलेली आहे. 2019 पासून." मग मी विचारलं, मर्यादा आहे तर बिल मर्यादेच्या आत का नाही? तेव्हा उलगडलं की ती मर्यादा युनिटच्या दराला आणि त्या स्थिर आकाराला आहे, बिलाला नाही. जास्त जाळाल तितकं जास्त भराल. बातमीत छापतात तो पौंडांचा मोठा आकडा म्हणजे सर्वसाधारण घराचं वर्षाचं अंदाजे बिल. म्हणजे मर्यादा नावाची पाटी आहे. पुढं जाऊन समुद्र शोधू नये.

रशियानं युक्रेनवर हल्ला केला त्या वर्षी, 2022 च्या ऑक्टोबरपासून, हा मोठा आकडा 3,549 पौंडांवर जायचा होता. सरकारनं मध्ये पडून 2,500 पौंडांच्या पातळीवर तो धरून ठेवला, शिवाय घरटी 400 पौंड सहा हप्त्यांत दिले. आपल्या राज्य सरकारनं 2024 मध्ये अन्नपूर्णा योजना आणून पात्र बहिणींना वर्षाला तीन सिलिंडर फुकट जाहीर केले. दोन्ही सरकारं मायाळूच. फक्त आकडे शेजारी ठेवले की मुनिमाचा हात थरथरतो.

ठेवूनच बघू. आपलं घरगुती सिलिंडर 14.2 किलोचं. त्यातली उष्णता युनिटात मोजली तर सुमारे 180. सर्वसाधारण ब्रिटिश घर वर्षाला 11,500 युनिट गॅस जाळतं, असं 2023 मध्ये तिथल्या नियामकानंच धरलं होतं. भागाकार करा. चौसष्टच्या आसपास सिलिंडर! उज्ज्वला योजनेतलं आपल्या देशातलं घर 2023-24 मध्ये सरासरी चारही सिलिंडर वापरत नव्हतं. आमच्या अन्नपूर्णेचे तीन सिलिंडर लीड्सला पाठवले तर वर्षाच्या सरासरीनं सतरा दिवस पुरतील. अठराव्या दिवशी त्यांनाही पऱ्हाटी लागेल.

हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. हिनं चौसष्ट सिलिंडर ऐकले आणि पहिला प्रश्न विचारला, "एवढे ठेवते कुठं तो?" दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "चौसष्ट जाळून बी सोळाच?"

त्याचं उत्तर भिंतीत आहे. त्यांची घरं जुनी, फटी फार, ऊब राहत नाही. आमची घरं उलट, मेमध्ये स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आमच्यावर ओकतो. थर्मोस्टॅट दोन्हीकडं निरपराध आहे. तो बिचारा फक्त साक्षीदार. पण साक्षीदाराला बोट लावता येतं, भिंतीला लावता येत नाही, म्हणून जगभर सगळी घरं त्याच्यावरून भांडतात.

आमच्या अंगणातला थर्मोस्टॅट मात्र कोणी हॅक केलेला नाही. गुंडात पाणी, खाली तीन पऱ्हाट्या. जास्त कढत झालं तर आतून आवाज येतो, "एक पऱ्हाटी मागं ओढा जी." मी ओढतो. पुरेसं तापलं नाही तर, "सारा आत." मी सारतो. आज्ञा देणारा एक, पाळणारा एक. वेळापत्रक नाही, नोंदवही नाही, मेकॅनिक नाही. धूर आहे, तो माझ्या डोळ्यांत जातो. त्याचा आकार कोणत्याच बिलात लागत नाही, म्हणून ही पद्धत स्वस्त आहे असं मी इतकी वर्षं समजत आलो.

शेवटी पोरानं ॲपचा पासवर्ड बदलला. त्यानं सांगितलं नाही, पण पहाटे पाचला हिला कळलंच. फोन तिला आत घेईना. आता त्यात ती घरापासून दूरसुद्धा नव्हती. दोन दिवस बोलली नाही. मग गिरडला जाऊन फरीदबाबांना चादर चढवून आली. तिथं टेकडीवर गोलगोल दगड सापडतात, उर्मट व्यापाऱ्याच्या मालाचे बाबांनी दगड केले अशी आख्यायिका आहे. काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही, आणि इंग्लंडातल्या गॅस कंपन्यांचा विचार करून मीही विचारलं नाही.

आल्यावर तिनं माळ्यावरच्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं काढलं. सात रात्री बसून वाकळ शिवली. दोन माणसं आणि एक लेकरू आरामात मावेल एवढी, सहा किलो वजनाची. पार्सल घेऊन मी हिंगणघाटला गेलो. कुरियरवाल्यानं ती काट्यावर ठेवली, आकडा पाहिला, मला पाहिलं आणि पुन्हा आकडा पाहिला. त्यानं सांगितलेली रक्कम, त्या अकरा रात्रींचा गॅस धरूनसुद्धा, पोराच्या महिन्याच्या बिलाहून थोडी जास्त होती.

दिली. घरी येऊन वही उघडली. हा खर्च नेमका कोणत्या खात्यात टाकावा ते कळेना. पोराच्या नावे टाकला तर तो परत पाठवणार, हिच्या नावे टाकला तर ती वही फेकणार. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग आपल्या वीजबिलावरची एक ओळ आठवली आणि लिहिलं: इंधन समायोजन आकार.