आठवीनंतर भूक लागत नाही?

सकाळी सातच्या शाळेला निघालेल्या पोराच्या पोटात काय असतं? नेतिवलीत विचारा, कळव्यात विचारा: चहा-बटर, नाहीतर नुसता चहा. आई धुण्याभांड्याला गेलेली, बाप रात्रपाळीवरून अजून यायचाय. प्रार्थनेला एखादी मुलगी चक्कर येऊन खाली बसली की बाई पहिलं विचारतात, "सकाळी काय खाल्लंस गं?" ती मान खाली घालते.

शाळेत खिचडी मिळते, पण मधल्या सुट्टीत. तोवरचे तास उपाशीपोटी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शाळेत सकाळचा नाश्ता द्यावा असं लिहून ठेवलं आहे. तमिळनाडूनं 2022 च्या सप्टेंबरात तो सुरू केला आणि पुढच्याच वर्षी राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत नेला. आपण महाराष्ट्रात काय केलं? 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं जाहीर केलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे बंद करून शाळांना सांगितलं, लोकसहभागातून बघा. महापालिका शाळेतल्या पालकांकडून वर्गणी काढायची? ज्यांच्या घरी अंडं परवडत नाही म्हणून ते शाळेत द्यायचं होतं, त्यांच्याकडून?

तांदूळ सोडला तर प्राथमिकच्या एका मुलाच्या जेवणातली डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन मिळून केंद्रानं मे 2025 पासून दर ठरवला 6 रुपये 78 पैसे. डोंबिवली स्टेशनबाहेर एवढ्यात वडापावही येत नाही.

आणि हे सगळं आठवीपर्यंतच. मुलगी नववीत गेली की तिचं ताट बंद. धाकटा भाऊ सहावीत ओळीनं बसून जेवतो, ताई नळावर पाणी पिऊन वर्गात परत जाते. चौदाव्या वर्षी, ऐन वाढीच्या वयात, पाळी सुरू झालेल्या मुलीला सरकार सांगतं की तुझा आहार संपला. ही बचत नाही, हा निर्दयपणा आहे.

गरजूंनाच द्या, असा सल्ला कृपा करून देऊ नका. वर्गात गरिबांची वेगळी रांग लावली की भुकेलं पोरही उठून उभं राहणार नाही. सगळ्यांना द्या.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत जानेवारी 2026 मध्ये नगरसेवक निवडून आले. आता त्यांना प्रशासक राजवटीची सबब नाही. आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाला गाठा आणि विचारा: येत्या अंदाजपत्रकात पालिका शाळांतल्या नाश्त्यासाठी आणि दहावीपर्यंतच्या जेवणासाठी किती रुपये ठेवताय?