हिंजवडी फक्त पंधरा मिनिटं

पुण्यात घरं रविवारी सकाळी दाखवतात. यात एजंटाचा डाव असतो असं म्हणणं अन्यायाचं होईल, सुट्टी ग्राहकालाच रविवारी असते. पण होतं असं, की ज्या रस्त्याने पुढची वीस वर्षं रोज जायचं, तो रस्ता माणूस आठवड्यातून एकदाच रिकामा असतो नेमका तेव्हाच बघून घेतो. पुनावळ्याच्या साईटवरून गाडी निघते. पुढच्या सीटवरचा एजंट मागे वळून सांगतो, "साहेब, घड्याळ लावा. पंधरा मिनिटांत फेज वनला नाही पोचलो तर टोकन घेणार नाही." गाडी बारा मिनिटांत पोचते. टोकन दिलं जातं. सोमवारी तेवढ्याच बारा मिनिटांत भूमकर चौकाचं मुखदर्शन होतं, तेही लांबून.

टॉमटॉम नावाची डच कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांच्या वाहतुकीचा वेग मोजून यादी लावते. २०२४ च्या यादीत सर्वांत संथ शहरांत पुण्याचा जगात चौथा क्रमांक लागला. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. कोलकाता आणि बंगळुरू आपल्या पुढे राहिले याची हळहळ काही स्वाभिमानी पुणेकरांना अजून आहे. पण आदल्या वर्षीच्या यादीत आपण सातवे होतो, तेव्हा प्रगती नाही असं कुणी म्हणू नये. हा वेग ताशी १८ किलोमीटर भरतो. मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटरचं अंतर दोन तास वीस मिनिटांत पळणारा धावपटू याच वेगाने पळतो. म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये आघाडीवर असणाऱ्यांना ऑफिसात वेळेवर पोचायला चारचाकी घेण्याचं काही कारण नाही. बाकीच्यांनी घरच ऑफिसजवळ घ्यावं.

आणि पुणेकर ते इमानेइतबारे घेऊ लागले आहेत. पूर्वी घर बघताना पाणी किती वेळ येतं, शाळा कुठे, मंडई किती लांब आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं, एवढं विचारलं की भागायचं. आता नवं वास्तुशास्त्र आलं आहे. त्यात देवघराची दिशा दुय्यम. सोसायटीच्या गेटातून ऑफिसकडे डावं वळण असेल तर घर शुभ, उजवं वळण असेल आणि मध्ये दुभाजक असेल तर गृहकलह अटळ. बाणेरला राहून खराडीला नोकरी करणं हा तर मोठाच दोष, कारण सकाळी उगवता सूर्य समोर आणि संध्याकाळी मावळताही समोर. दोन्ही वेळा सूर्यनारायणाकडे डोळे मिटून बघत क्लच दाबायचा.

यातला जाणकार ग्राहक मात्र एजंटाच्या घड्याळावर विसंबत नाही. तो एक्सेल काढतो. रकान्यात वाकड, बालेवाडी, मारुंजी, रावेत. ओळींमध्ये आठ दहा, आठ पंचवीस, आठ चाळीस. मग रजा टाकून सोमवारी खरोखर त्या त्या वेळी त्या त्या ठिकाणाहून गाडी काढून बघतो. निष्कर्ष असा निघतो की आठ दहाला निघालं तर चाळीस मिनिटं, आठ चाळीसला निघालं तर सव्वा तास, आणि सकाळी सातला निघालं तर ऑफिस बंद. एवढा अभ्यास करून तो जे घर निवडतो, तेच घर तोच एक्सेल केलेल्या आणखी चारशे जणांनी निवडलेलं असतं. पझेशन एकाच दिवाळीत मिळतं आणि आठ दहाला त्या गेटातून चारशे गाड्या निघतात. एक्सेलमध्ये हा रकाना नव्हता.

इटलीच्या चेझारे मार्केटी या भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली एक निरीक्षण मांडलं होतं: साधन कुठलंही असो, माणूस दिवसाला साधारण एक तास प्रवासात घालवतो. पायी चालणाऱ्यांची गावं म्हणूनच लहान राहिली, ट्राम आणि मोटारी आल्या तशी ती पसरली. तास तेवढाच राहिला. जुन्या पुण्याला हे बेतशीर लागू पडतं. शनिवारवाड्यावरून निघालेला माणूस पाऊण तासात पर्वतीच्या पायथ्याशी पोचत असे आणि वाटेत दोन ठिकाणी थांबून मतंही देत असे. सायकलींच्या पुण्यातही हिशेब फार बिघडला नाही. वाघोलीहून हिंजवडीला जाणाऱ्याची गाठ मार्केटीशी पडली असती, तर सिद्धांताला पुरवणी जोडावी लागली असती.

नवरा हिंजवडीत आणि बायको खराडीत, हा प्रकार त्याहून अवघड. समान नागरिक म्हणून दोघांना सारखंच अंतर पडावं असं घर शोधायचं म्हटलं, तर नकाशावर त्या दोन ठिकाणांच्या मधला बिंदू खडकीच्या आसपास येतो. तिथे लष्कराची हद्द आणि १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. टू बीएचके उपलब्ध नाहीत. शेवटी ज्याची कंपनी हजेरीला जास्त कडक, त्याच्या बाजूला घर घ्यायचं, असा तोडगा निघतो. दुसरा जण पुढची काही वर्षं रात्रीच्या जेवणाला उशिरा बसतो आणि घरात वाद निघाला की पहिलं वाक्य त्याचं असतं.

मग हिंजवडीतच घर का घेऊ नये? घेतात की. माण, मारुंजी आणि फेज थ्रीच्या बाजूला टॉवरच टॉवर उभे आहेत, त्यांच्या पंधराव्या मजल्याच्या बाल्कनीतून ऑफिसातली आपली खुर्ची दिसते म्हणतात. जायचं मात्र चक्राकार एकेरी मार्गाने. कोंडी फोडायला पोलिसांनी शिवाजी चौक, फेज वन सर्कल, जॉमेट्रिक सर्कल, मेझा नाईन अशी प्रदक्षिणा आखून दिली, आणि ती पूर्ण केल्यावाचून समोर दिसणाऱ्या ऑफिसचं दर्शन घडत नाही. चालत जायचं तर पदपथ हवा. तो आहे, त्यावर आधीपासून दुचाकी चालतात. जून २०२५ मधल्या पावसात तर रस्त्यांचे ओढे झाले आणि आयटी पार्कचा वॉटर पार्क झाला, हा विनोद त्या आठवड्यात भिजलेल्या प्रत्येकाच्या फोनवर चार-चार वेळा येऊन गेला.

दोष कुणाला द्यायचा, हाही प्रश्न हद्दीवर अडतो. बाणेरचा माणूस पुणे महापालिकेच्या हद्दीत आंघोळ करतो, महामार्ग प्राधिकरणाच्या सेवा रस्त्यावर अडकतो, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या वाकडमध्ये हॉर्न वाजवतो आणि एमआयडीसीच्या रस्त्यावरून कामावर पोचतो. डोक्यावरचे मेट्रोचे खांब पीएमआरडीएचे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वसवायला घेतलं. जगभरच्या बँकांचं सॉफ्टवेअर तिथे लिहिलं जाऊ लागलं आणि आजूबाजूच्या सोसायट्यांचा कचरा उचलायचं काम ग्रामपंचायतीकडे राहिलं. आम्हाला महापालिकेत घ्या, असं रहिवासी वर्षानुवर्षं सांगत आले. महापालिकेत जाऊन सुखी झालेल्या गावांची यादी त्यांनी कुठे पाहिली, ते कळायला मार्ग नाही. तूर्त खड्ड्याची तक्रार करायची तर आधी तो कोणाचा, हे शोधावं लागतं, आणि शोध लागेपर्यंत तो दुसऱ्याच्या हद्दीत वाढलेला असतो.

शहराचं नियोजन ही कामगिरी आपल्या राज्यात केव्हाच नागरिकांच्या गृहकर्जावर सोपवली गेली आहे. ऑफिसं एका टोकाला, परवडणारी घरं दुसऱ्या टोकाला, मध्ये नदी, आणि नदीवरचा पूल निविदेत. याचा मेळ घालायचा तो फ्लॅट घेणाऱ्याने, स्वखर्चाने, दोनशे चाळीस हप्त्यांत. नियोजनात ज्याची चूक झाली त्याची बदली होते, ज्याने घर घेतलं त्याची होत नाही.

पुलांचं तर स्वतंत्र पुराणच होईल. वाकडची कस्पटे वस्ती आणि बालेवाडी यांना जोडणारा मुळा नदीवरचा पूल बांधून झाला, पण बालेवाडीच्या बाजूला जोडरस्त्याची जमीन ताब्यात नव्हती. नदी ओलांडून पूल जिथे उतरणार तिथे उतरायलाच जागा नाही, अशा अवस्थेत तो कित्येक वर्षं उभा राहिला. पूल आहे हे मात्र खोटं नव्हतं. घरं विकणाऱ्यांना तेवढं पुरे होतं. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या शांततेत, पाडला. त्याच्या जागी मेट्रोसह दुमजली पूल होणार होता, त्याची औंधकडून येणारी एक बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. मधली पाच वर्षं औंध-बाणेरहून शिवाजीनगरला जाणाऱ्यांनी कशी काढली, हे त्यांच्या गाडीतल्या रेडिओला विचारावं. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला, तेव्हा बघायला एवढी गर्दी लोटली की त्या पुलाने हयातीत तेवढी माणसं एका वेळी सुरळीत पुढे सोडली नसतील. नवा चौक ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला आणि बावधन, भूगावच्या जाहिरातींत लगेच 'हिंजवडी हाकेच्या अंतरावर' आली. रस्ता मोकळा झाला की त्याच्या भरवशावर घरं उभी राहतात आणि तो पुन्हा भरतो, हे अमेरिकेतल्या शहरांबद्दल ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली आकडेवारीनिशी दाखवून दिलं. जितके रस्ते वाढले, जवळपास तितक्याच प्रमाणात वाहनांची धाव वाढली. पुण्याचा त्यांच्या अभ्यासात समावेश नव्हता, कदाचित निकाल आधीच माहीत असल्यामुळे.

आणि मेट्रो. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर, २३ किलोमीटर, २३ स्थानकं. भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. काम पूर्ण व्हायची मुदत होती मार्च २०२५. तो मार्च आला आणि गेला. घरांच्या किमतींना हे कुणी कळवलं नाही, त्या भूमिपूजनापासूनच मेट्रोत बसल्या. 'मेट्रो टच' फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाने गाडी धावण्याआधी तिची किंमत मोजली, आणि बदल्यात खांबांसाठी निम्मा झालेला रस्ता वापरला.

शहाण्यांनी वेगळा मार्ग काढूनही पाहिला. हडपसरजवळ मगर मंडळींनी आणि आणखी शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमीन बिल्डरला विकून टाकण्याऐवजी एकत्र केली, सुमारे चारशे एकर, आणि मगरपट्टा सिटी उभारली: घर, शाळा, दवाखाना, बाग आणि चालत जायच्या अंतरावर आयटी कंपन्या. कल्पना अस्सल आणि अंमलही चोख, टिंगल करायला जागा नाही. फक्त इतकंच झालं, की तिथे राहणाऱ्या अनेकांना नोकरी हिंजवडीत लागली आणि तिथल्या कंपन्यांत काम करायला मंडळी वाकडहून येऊ लागली. सकाळी एकमेकांना ती मुंढव्याच्या पुलावर बघतात.

मुंबईकराला ही सगळी पुणेरी धडपड पोरकट वाटते. तो घर बघत नाही, गाडी बघतो. फास्ट थांबते का, गाडी तिथूनच सुटते का, आणि सुटत नसेल तर उलटं मागे जाऊन बसून येता येतं का. डोंबिवलीचा माणूस सीट मिळावी म्हणून आधी कल्याणला जातो आणि मग मुंबईकडे निघतो. घर निवडतानाही हाच न्याय लावला तर त्यात नवल नाही. पण त्याचं वेळापत्रक छापील असतं आणि त्याला शिव्या घालायला एक निश्चित रेल्वे असते. पुणेकराच्या वाट्याला पीएमपीची बस येते, ती येते तेव्हा. म्हणून त्याने दुचाकी घेतली, घरातल्या प्रत्येकाने घेतली, आणि २०१८ साली शहरात माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली: माणसं ३५ लाखांच्या आसपास, वाहनं ३६ लाखांच्या वर.

लांबचं घर स्वस्त पडतं, हाही हिशेब कुणी तरी तपासलेला आहे. स्टुट्झर आणि फ्रे या स्वित्झर्लंडमधल्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी जर्मन कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती चाळली. रोज लांबून येणाऱ्याला त्या बदल्यात स्वस्त घर किंवा जास्त पगार मिळतो, तेव्हा तोही जवळच्याइतकाच समाधानी असायला हवा, असं अर्थशास्त्र म्हणतं. तो तसा नव्हता. जितका लांबचा प्रवास, तितकं समाधान कमी. वाघोलीतल्या गृहिणीला हा निष्कर्ष रोज रात्री पावणेनऊला बेल वाजते तेव्हा दारातच कळतो, जर्मनीपर्यंत जावं लागत नाही.

तरीही समजा एखाद्याने सगळं जमवलं. वाकडला ऐंशी लाखांचा फ्लॅट, ऑफिस वीस मिनिटांवर, वळण डावं. तिसऱ्या वर्षी तो कंपनी बदलतो, कारण आयटीत पगार वाढवायचा दुसरा उपाय नाही. नवी कंपनी खराडीला. कर्जाची सतरा वर्षं बाकी. तो वाकडचं घर भाड्याने देतो आणि खराडीत भाड्याने राहायला जातो. खराडीचा त्याचा घरमालक चौकशी करता हिंजवडीत नोकरीला निघतो आणि स्वतः वाकडला भाड्याने राहत असतो, शेजारच्याच सोसायटीत. घरं सारखी, चौरस फूट सारखे, हप्ते जवळपास सारखे. दोघे एका संध्याकाळी चहावर बसून सरळ अदलाबदल करण्याचा विचार करतात. वकील सांगतो, मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे पाच लाख साठ हजार. शिवाय नोंदणी फी, दोन्ही बँकांच्या परवानग्या आणि दोन्ही सोसायट्यांची ना-हरकत पत्रं. त्या सात टक्क्यांतला एक टक्का, ऐंशी हजार रुपये, मेट्रोचा अधिभार. दोघे चहाचे पैसे देऊन उठतात आणि अकरा-अकरा महिन्यांचे करार पाच टक्के वाढीने पुढे चालू ठेवतात.