श्रीयुत ‘एकावर एक मोफत’ यांना अनावृत पत्र

श्रीयुत एकावर एक मोफत,
मुक्काम पोस्ट मॉलचा दरवाजा, आत शिरताच डावीकडे.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण आमच्या कुटुंबावर जे उपकार करत आहात ते ठेवायला आता आमच्या ठाण्याच्या घरात जागा उरलेली नाही. माळ्यावर ओट्स आहेत, पलंगाखाली नूडल्स आहेत आणि फ्रिजच्या दारात मेयोनीजच्या जुळ्या बाटल्या आहेत. या मेयोनीजचं करायचं काय, म्हणून मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि “नासलंय गं हे,” असं सांगून टाकलं. बाटली त्याच दिवशी आलेली होती.

आमचे यजमान बँकेतून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत कर्जाच्या अर्जातली एक खोडाखोड त्यांच्या नजरेतून सुटली नाही. पण आपली लाल-पिवळी पाटी दिसली की या माणसाचा भोळा सांब होतो. पूर्वी वाण्याशी अर्धा किलो डाळीवरून हुज्जत घालणारे हे गृहस्थ हल्ली दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येतात आणि चपला काढायच्या आत जाहीर करतात, “आज 412 रुपये वाचवले!” बिलाच्या तळाशी तसा आकडा छापलेलाच असतो. खर्च झालेली रक्कम साध्या टायपात, वाचलेली ठळक. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा दंडवत. शंका एवढीच, की हे वाचलेले पैसे असतात कुठे? पासबुकात पाहिलं, पाकिटात पाहिलं, डाळीच्या डब्यातही हात घालून पाहिला.

आपला धंदा मात्र जोरात आहे, त्याबद्दल अभिनंदन. सरकारच्या 2023-24 च्या घरखर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या महिन्याच्या खर्चातला सुमारे 11 टक्के वाटा तयार खाणं, पाकीटबंद पदार्थ आणि पेयं यांचा निघाला. तांदूळ, गहू, ज्वारी असं सगळं धान्य मिळून 4 टक्क्यांच्याही आत. म्हणजे पोट भरतं स्वस्तात आणि खिसा रिकामा होतो तो तोंड चाळवण्यात. महागाईच्या नावाने आम्ही जी बोटं मोडतो, त्यातली एक-दोन हक्काने आपल्या वाट्याची आहेत.

पण आपल्या वाटेत सरकारने एक धोंडाही ठेवलेला आहे. नियमांत सुधारणा झाल्यापासून पाकिटावर कमाल किमतीच्या जोडीला एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापावा लागतो. माल किलो-लिटरच्या वर असेल तर किलोचा, लिटरचा. त्याच सुधारणेत ठरावीक वजनांचं बंधन मात्र उठलं. आधी चहा, बिस्किटं, तेल असल्या जिनसा नेमून दिलेल्या वजनांतच विकाव्या लागत. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. आता तशाच दिसणाऱ्या पिशवीत 850 ग्रॅम येतं, आणि “बघ, पाच रुपये कमी!” म्हणून ते आमच्या घरी साजरं होतं.

म्हणून परवा मी स्वतःच गेले आणि आपल्या पाटीखालचं शेवयांचं पाकीट उलटं केलं. मागच्या जोडापाशी, ठिपक्याठिपक्यांच्या काळ्या अक्षरांत, अर्धं घडीत गेलेलं सापडलं: 40 पैसे ग्रॅम. एकावर एक धरलं तर 20 पैसे, म्हणजे किलोला 200 रुपये. अगदी खालच्या फळीवर, वाकल्याशिवाय दिसणार नाही असं, पाटीबिटी नसलेलं एक किलोचं पाकीट होतं, 120 रुपयांचं. माझे गुडघे दुखतात हे आपल्याला कुणीतरी कळवलेलं असावं.

आपले भाऊबंद ‘मल्टिग्रेन’ यांनाही नमस्कार सांगा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते. त्यामुळे त्यांच्या पिठात पहिला मान गव्हाचा, आणि ज्वारी-नाचणी लग्नातल्या लांबच्या नातेवाइकांसारख्या मागच्या रांगेत. मी पाच किलो गव्हात अर्धा किलो नाचणी घालून गिरणीतून दळून आणते. नाचणीत दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असतं, आणि ते सांगायला तिला चकचकीत पिशवी लागत नाही.

‘स्प्राउट्स’ नावाच्या डबीत मूठभर मटकी मिळते, हेही पाहून घेतलं. आमच्याकडे पाव किलो मटकी रात्री भिजते, सकाळी उपसून सुती पंच्यात घट्ट बांधली जाते. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी कापडाच्या विणीतून मोडांची पांढरी टोकं बाहेर डोकावतात; थंडीत गाठोडं गॅसच्या उबेला ठेवावं लागतं. अर्ध्या किलोच्या आसपास ऐवज होतो. पहिल्या दिवशी उसळ, उरलीसुरली दुसऱ्या दिवशी मिसळ, आणि मिसळीला आमच्या घरात कुणी शिळं म्हणत नाही. दोडका आणला की गराची भाजी होते आणि शिरांची चटणी: तव्यावर तेलात खरपूस परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, हिरवी मिरची घालून भरड वाटायच्या. एकावर एक मोफत म्हणतात ते याला! मुळा घेतला की पाला फुकट, फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत. संध्याकाळी उशिरा भाजीवाली उरलेल्या वांग्यांचे वाटे लावून बसते, तेव्हा तिच्याशी घासाघीस करायची लाज वाटावी इतका तिचा भाव कमी असतो. मासेही आम्ही सोडलेले नाहीत. सुरमईच्या भावात बांगडे पोतंभर येतात, आणि तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीपुढे सुरमईने मान खाली घालावी. हे माझं पक्कं मत आहे, त्यावर वाद नको.

आता उरलं एक गाऱ्हाणं, आणि ते आपल्याबद्दल नाही. ‘स्वस्तात सकस’ म्हणून मासिकांतून जे छापून येतं, त्यात बाईच्या मनगटाचा खर्च कुणी धरत नाही. वालाचं बिरडं स्वस्त खरं; पण मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा, तर तास कुठे जातो कळत नाही. पाकिटातलं विकत घेण्यामागे पुष्कळदा आळस नसतो, थकवा असतो. नोकरी करून साडेआठला घरी आलेल्या मुलीला मी नूडल्सवरून बोलणार नाही. त्यावर तोडगा म्हणून आमच्या यजमानांना वाल सोलायला बसवलं आहे. कर्जाचे अर्ज तपासल्यासारखे सोलतात, एक साल राहू देत नाहीत. बिरडं झालं त्या दिवशी ताटात वाढून घेताना त्यांचा रुबाब पाहण्यासारखा होता.

सवलत मिळवायची दुसरी रीत शेजारच्या मुंबईत फार आधी निघालेली आहे. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊकात आलेला माल कुणाच्या तरी घरी मिळून वाटून घ्यायचा. ना पाटी, ना ट्रॉली. यादी घरी बसून आधी लिहिलेली, माल नंतर समोर येणार. मोहाने शिरायचं कुठून? आपल्या दुकानात नेमकं उलटं चालतं. माल आधी दिसतो, गरज मागून सुचते.

तेव्हा आमचा निर्णय कळवते. अंगाचा साबण, दातांची पेस्ट, कपड्यांची पावडर, म्हणजे जे नासत नाही आणि लागतंच, तिथे आपलं स्वागत आहे. खाण्याच्या जिनसांत मात्र आपण येऊ नये. यादी आता ओट्यापाशी लिहिली जाते, आणि डब्यात काय उरलंय ते पाहिल्याशिवाय तीत ओळ चढत नाही. यजमानांना पिशवीत मावेल एवढंच आणायची परवानगी आहे. ट्रॉलीला हात लावायचा नाही, असं त्यांनी सासूबाईंसमोर कबूल केलं आहे.

कळावे. लोभ आवरावा, ही विनंती.

आपली,
ठाण्याची एक गृहिणी

ता. क. हे पत्र आपल्याआधी आणखी कुणी वाचत असेल, तर त्यांच्यासाठी: दुकानात जाताना चष्मा घेऊन जा. ग्रॅमचा दर फार बारीक अक्षरांत छापलेला असतो.