अर्धा दिसतोस

जुनी जीप बाळगणारा एक माणूस तुमच्याही सोसायटीत असणारच. सापडत नसेल तर पार्किंगमध्ये ग्रीसचा वास जिथून येतो तिथे जा; गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतील. या माणसाला गाडी चालवताना फारसं कुणी पाहिलेलं नसतं. गाडीचं काम काढलेलं मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, कारण त्या कामात सगळ्यांना धरलं जातं.

आमच्याकडे हे पद अप्पांकडे आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आवाज कालव्याच्या या काठावरून त्या काठावर पोचेल असा. गाडी १९८७ सालची महिंद्रा एमएम ५४०, सरकारी लिलावात घेतलेली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर अप्पांनी जाहीर केलं की आता आरसे बदलायचे. उजव्या आरशाचा पारा उडाला होता. मागून येणारी गाडी त्यात देवी आल्यासारखी दिसायची. डावीकडे आरसा कधी नव्हताच. "पासिंग जवळ आलंय," अप्पा म्हणाले. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे अप्पांकडे हे कारण कायम तयार असतं. सगळी सोसायटी गप्प बसली. गप्प बसायला नको होतं.

कारण आरसा बसवणाऱ्याला एक अडचण असते. तो आत बसतो तेव्हा मागे दिसायला कुणीतरी असावं लागतं.

"अरे, जरा मागे उभा राहा."

मी ऑफिसला निघालेलो. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री. उभा राहिलो.

"अर्धा दिसतोस."

माणसाला सकाळी सकाळी ऐकायला मिळावं असं हे वाक्य नव्हे. मी डावीकडे सरकलो. "आता छत्री दिसते. तू नाहीस." उजवीकडे सरकलो. "हं, आता डबा." शेवटी मी संपूर्ण दिसलो तेव्हा बस निघून गेली होती. अप्पांनी नट आवळला, आणि आवळताना आरसा हलला. "पुन्हा अर्धा झालास रे."

त्यानंतर त्या पार्किंगमधून कुणी सरळ गेलं नाही. पोळ्या करणाऱ्या मावशींना "मावशी, डोकं दिसत नाही तुमचं" असं सांगितलं गेलं. त्या दुसऱ्या दिवसापासून मागच्या फाटकाने येऊ लागल्या. आमचे खजिनदार देहाने भरभक्कम. त्यांना अप्पा मोठ्या समाधानाने म्हणाले, "तुम्ही दोन्ही आरशांत दिसता!" खजिनदारांनी दुसऱ्या दिवशी जिममध्ये नाव घातलं. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना तर पाटावर बसण्यापूर्वी कुंपणापर्यंत मागे मागे चालवलं. गुरुजी पूर्ण दिसले, पण तोवर यजमान दिसेनासे झाले होते. मतदार यादी तपासायला एक शिक्षिका आल्या. त्यांनी विचारलं, "इथे राहणारे किती?" जीपमधून उत्तर आलं, "आत्ता अडीच दिसतायत."

आणखी एक विचित्र गोष्ट. उजव्या आरशाच्या वेळी अप्पा चालकाच्या जागी बसत, ते ठीकच. पण डाव्या आरशाचा निवाडा ते डाव्या सीटवर बसून करत. तेही जरासे खाली सरकून, मान ताठ ठेवून, एखाद्या फोटोला बसल्यासारखे. स्टिअरिंग उजवीकडे, साहेब डावीकडे. वयाचा परिणाम, असं सेक्रेटरींनी खासगीत मत दिलं. ते मला पटलं.

खरेदीला मला बरोबर नेलं होतं. नाना पेठेत कुठल्याही गाडीचा कुठलाही भाग मिळतो. तो आपल्याच गाडीचा असेल असं मात्र नाही. पहिल्या दुकानात बोलेरोचे आरसे दाखवले, दुसऱ्यात जिप्सीचे, तिसऱ्याने ट्रॅक्टरचा दाखवला आणि चौथ्याने सरळ ट्रकचा आणला. तो लावला असता तर जीप आरशाला लावल्यासारखी दिसली असती. अप्पांना हवा होता गोल, आखूड दांडीचा, काळ्या पत्र्याच्या पाठीचा. प्रत्येक दुकानात दुकानदाराला त्यांनी इतिहासही दिला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला एकच आरसा असायचा, चालकाच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, कारण अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. "एका आरशावर युद्ध जिंकलं त्यांनी!" रणांगणावर मागून पीएमपीचा ड्रायव्हर हॉर्न देत नसतो, हे मी बोललो नाही. तिथून अप्पा महिंद्रांवर आले: १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईत विलिसच्या जीप जोडायला घेतल्या, आणि आपली गाडी त्याच घराण्यातली. दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचाय का?"

घेतला. घरी आणून बसवायला गेले तर आटे जुळेनात. इथे घराणं आडवं आलं. या जीपचं अंग विलिसचं, म्हणून अंगावरचे बोल्ट इंचात. इंजिन प्यूजोचं, म्हणून त्यावरचे मिलीमीटरमध्ये. अप्पांकडे पान्यांचे दोन संच आहेत आणि हवा तो पाना नेहमी दुसऱ्या संचात असतो. भोक अडीच सुती बोल्टाचं, नवा आरसा आठ मिलीमीटरच्या बोल्टाचा. अडीच सूत म्हणजे पाच सोळांश इंच. दोन्ही बोल्ट शेजारी ठेवले तर फरक मिलीमीटरच्या सोळाव्या भागाचा, म्हणजे डोळ्याला शून्य. पण एकाला इंचात चोवीस आटे, दुसऱ्याला वीसच्या आसपास. बोल्ट दोन फेरे अगदी प्रेमाने आत जातो आणि मग अडून बसतो. दुसरा कुणी असता तर जोर लावून आटे मारून टाकले असते. अप्पांनी बोल्ट हळूच बाहेर काढला, पुसला, आणि अडीच सुती बोल्ट शोधायला बुधवारी जुन्या बाजारात गेले. तो तिथे मिळाला. त्याबरोबर एक पितळी घंटाही मिळाली, पण तिच्याबद्दल काकूंसमोर बोलायचं नसतं.

आरसा कुठे लावायचा यावरही बरेच दिवस गेले. जीपची पुढची काच चौकटीसकट बॉनेटवर आडवी पाडता येते. आरसा त्या चौकटीला लावला तर काच पाडली की आरशात फक्त आभाळ. अप्पा काच कधीच पाडत नाहीत, त्यांना धुळीने शिंका येतात. तरीही आरसा खाली बिजागरीपाशीच हवा. मग थरथर. डिझेल इंजिन जागेवर धडधडत असताना आरशात एका रिक्षाच्या तीन रिक्षा दिसत. दांडी जितकी लांब तितका थरकाप जास्त, म्हणून दांडी कापून आखूड केली, खाली सायकलच्या ट्यूबची चकती घातली, वर नायलॉक नट. तीनच्या दीड रिक्षा झाल्या. "चालेल," अप्पा म्हणाले, "पुण्यात रिक्षा तशीही दीड जागा घेते."

हे सगळं कुणासाठी चाललं होतं? आमच्या शहरात आरसा हा ऐच्छिक विषय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ पासून आरसा मागतायत, आणि आपण नवी स्कूटर घरी आणली की पहिलं काम म्हणून तो काढून माळ्यावर टाकतो, कारण त्याने गाडीची शोभा जाते. ज्यांनी ठेवलाय ते सिग्नलला त्यात भांग पाडतात. मोटारवाले दोन्ही आरसे मिटून लक्ष्मी रस्त्यावर घुसतात, कुणाचं कोपर लागून तुटू नयेत म्हणून. रिक्षावाला आरशात मागच्या सीटवरचं कुटुंब बघतो. आमच्याच सोसायटीत एक गाडी आहे, तिला चारी बाजूंनी कॅमेरे आहेत आणि कागद उडाला तरी ती कोकलते. फाटकाचा उजवा खांब तिनेच तीनदा पाडलाय. अशा गावात एक सत्तरीचा माणूस आरसा पाव इंच इकडे की तिकडे यासाठी लोकांना उन्हात उभं करतो, तेव्हा राग कुणाचा यावा हेच कळत नाही. मला अप्पांचाच आला. समोर तेच होते.

एका मुद्द्यावर तर मी दुकानदाराच्या बाजूने बोललो होतो. तो म्हणत होता, डावीकडे फुगीर काच घ्या. त्याचं बरोबर होतं. डावा आरसा चालकापासून लांब पडतो. तिथे सपाट काच लावली तर तिच्यात रस्त्याची एवढीशी फट दिसते. फुगीर काचेत सगळा रस्ता मावतो, फक्त गाड्या लहान आणि म्हणून लांब वाटतात. सपाट काचेत अंतर खरं दिसतं, पण ती डोळ्याजवळ हवी. हे सगळं अप्पांना माझ्याहून जास्त ठाऊक. तरी ते एवढंच म्हणाले, "सपाट. दोन्हीकडे." आणि वाद घातला नाही. अप्पांनी वाद घातला नाही हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मग एका रविवारी फर्मान आलं: खडकवासल्याला कणसं खायला चल. पुढे अप्पा आणि काकू, मागच्या आडव्या बाकावर मी आणि स्टेपनी. काकूंच्या गळ्याला पट्टा होता. गेल्या वर्षापासून त्यांची मान धरते आणि डॉक्टरांनी ती वळवायला मनाई केली आहे. एरवी या गाडीला डावा आरसा लागत नसे तो काकूंमुळेच. त्या वळून मागे बघत आणि "या, या, या, थांबा!" असा हुकूम देत, सगळ्या गल्लीला कळे की अप्पांची जीप निघाली. मान धरल्यावर त्या म्हणाल्या होत्या, मी आता रिक्षाने येत जाईन, पुढे बसून माझा काही उपयोग नाही. अप्पांनी त्यावर काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. बहुधा दिलंच नसणार. नाना पेठेत गेले.

जीप फाटकातून मागे निघाली. काकूंनी मान तसूभरही हलवली नाही. समोर हातभर अंतरावरच्या गोल आरशात नुसती नजर टाकली. "या. या. दुधाचा टेम्पो आहे, थांबा. तो बघा, उभाच राहिला मेला. हं, या आता."

मी मागून अप्पांच्या खांद्यावरून वाकून त्या आरशात पाहिलं. त्यांच्या जागेवरून रस्ता दिसतच नव्हता. कंपाउंडची भिंत दिसत होती, आणि भिंतीवरची 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटी, तीही उलटी. अप्पा डाव्या सीटवर खाली सरकून का बसायचे ते तेव्हा लक्षात आलं. काकू त्यांच्यापेक्षा चांगल्या वीतभर बुटक्या आहेत.

तरी मी विचारलंच. माणूस वैताग आणतो, थोडा वैताग परत करावा.

"अप्पा, डाव्या आरशात तुम्हाला नुसती भिंत दिसते की हो."

"मला कशाला दिसायला हवं?" अप्पा खेकसले. "मी गाडी चालवतोय."